छत्तीस व्होल्टचे पाच

गाडी दुरुस्तीला गेलीय पलीकडे, मुख्य भूमीवर,
आणि सकाळच्या आधी बोट नाही.
म्हणून सीत्स्के सायकलवर निघाली,
रात्री एक वाजून दहा मिनिटांनी,
सुईणीची पेटी कॅरियरला दोन पट्ट्यांनी आवळून.

ओस्टरएंड बेटाच्या पार त्या टोकाला. पंधरा किलोमीटर.
वारा पूर्वेचा, म्हणजे थेट तोंडावर.
बॅटरी जेमतेम तिसरा हिस्सा. चूक माझी.
संध्याकाळी मी सायकल घेऊन मासे आणायला गेलो
आणि आल्यावर प्लग लावायचा राहिला.
ती बोलली काहीच नाही. नुसतं पाहिलं माझ्याकडे,
आणि हातमोजे दातांनी ओढून चढवले.

चाळीस वर्षं मी बोटींवर वायरिंग केलं.
हँडलजवळची डबी माझ्याच हातची:
छत्तीस व्होल्ट आत, पाच बाहेर,
काडेपेटीएवढी, फटी राळेने बुजवलेल्या,
खारं पाणी शिरू नये म्हणून.
तिच्यातून एक आखूड वायर फोनला.
एकदा जेवताना पाहुण्याने तिला कौतुकाने नाळ म्हटलं.
सीत्स्के म्हणाली, नाळ कापायची असते,
आणि बटाट्यांचं भांडं त्याच्याकडे सरकवलं.

तिचा फोन जुना आहे. थंडीत
चाळीस टक्क्यांवरून एकदम मान टाकतो.

मी स्वयंपाकघरात बसून तिचा ठिपका बघतोय.
मिड्सलांड. ताशी बावीस. ठीक.
लान्डेरमच्या पुढे झाडं संपतात,
नुसती मेंढ्यांची कुरणं, आडोसा म्हणून काही नाही.
तिथे ठिपका मंदावला.
चौदा.
नऊ.

पडली? पडलेला ठिपका थांबतो.
पंक्चर? मग पायी, ताशी चार.
नऊ म्हणजे पाय.
नऊ म्हणजे सव्वीस किलोची सायकल, वर ती पेटी,
आणि एकसष्ट वर्षांचे गुडघे.

मग डोक्यात प्रकाश पडला.
मोटर जोर मागते तेव्हा थकलेल्या बॅटरीचं व्होल्टेज कोसळतं.
ठरावीक रेषेखाली गेलं की बॅटरी स्वतःलाच मिटून घेते,
मोटर, दिवा, डबी, सगळं एका फटक्यात.
फोन पितो किती? चिमणीएवढं.
पण चिमणीचं पाणीही त्याच घड्यातलं.
हे मीच सांगितलं होतं तिला केव्हातरी,
ती भांडी पुसत होती. मला वाटलं, लक्ष नाही.

तर तिने मोटर बंद केली.
होती नव्हती ती वीज फोनसाठी राखली
आणि वारा अंगावर घेतला.

मी फोन उचलला. खाली ठेवला.
आज रात्री ती लाइन रिक्स्टची आहे.
मी वाजवलं तर ती थांबेल, हातमोजा काढेल,
आणि मी काय विचारणार, कशी आहेस?

फॉर्मेरम. लीस. किती वेळ लीसच.
होर्नच्या चर्चपाशी ठिपका तीन मिनिटं हललाच नाही.
तेव्हा तिकडून फोन आला होता, हे नंतर कळलं.
हँडलवर ओणवी होऊन ती सांगत होती:
जोर लावू नकोस. आत्ता नाही. श्वास सोड, सोड.
येल्मर, बाहेरचा दिवा लाव,
आणि कुत्र्याला आत घे, मला त्याची भीती वाटते.

कुत्र्याची भीती! बत्तीस वर्षांच्या संसारात
मला नव्हतं माहीत.

दोन बावीसला ठिपका ओस्टरएंडच्या शेवटच्या घराशी टेकला.
त्यानंतर हलला नाही, आणि मीही नाही.

उजाडल्यावर येल्मरची व्हॅन आली,
मागे चाऱ्याच्या पोत्यांवर सायकल आडवी.
सीत्स्के उतरली. नाक लाल, एका बुटाची नाडी सुटलेली.
मुलगी, म्हणाली. तीन किलो चारशे.
फोन टेबलावर ठेवला: एक्क्याण्णव टक्के.

मी काही विचारायच्या आत
ती जिना चढायला लागली, कठड्याला धरून,
एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत.
अर्ध्यावर थांबली, मागे न वळता बोलली,
पुढच्या वेळी मासे आणायला चालत जायचं.

मी अंगणात गेलो. प्लग लावला.
लागलाय ना, ते पुन्हा एकदा जाऊन पाहिलं.